टच सकाळी सातला चालतो, दुपारी दोनला मरतो. गाडीच्या स्क्रीनचं करायचं काय?

केळीबाग (रावेर तालुका)

राम राम मंडळी. गाडी पाच वर्षांची हॅचबॅक, पेट्रोल. स्क्रीन कंपनीतूनच आलेली, आठ इंची. चार दिवसांपासून टच धड चालत नाही. स्क्रीन दिसते, घड्याळ चालू, गाणी चालू, स्टिअरिंगवरच्या बटणांनी आवाज कमीजास्त होतो. पण बोट लावलं की भिंतीला लावल्यासारखं.

गाण्यांचं सोडा, आमच्या गाडीत एसीचा पंखा अन् टेंपरेचर दोन्ही स्क्रीनमध्येच दिले आहेत. परवा आईला दवाखान्यात दाखवायला जळगावला चाललो होतो. सावद्याच्या पुढे पंखा एक नंबरवर होता तो तिथंच अडकला. बाहेर ४४. आईनं रुमाल ओला करून डोक्यावर घेतला, मग तोच काढून स्क्रीनवर ठेवला. म्हणे, "याले बी ऊन लागलं असीन."

सर्व्हिस सेंटरला दाखवलं. त्यांनी कॉम्प्युटर जोडला, चहा पाजला अन् सांगितलं की पूर्ण युनिट बदलावं लागेल, ५२ हजार. वॉरंटी संपलेली. आखाजी (अक्षय्य तृतीया) दहा दिवसांवर आहे, लेकीला सुरतेहून आणायचं आहे. नातू दीड वर्षाचा, त्याला बिनएसीच्या गाडीत कसं आणू? केळीचा भाव तुम्हाला माहीत आहे, ५२ हजार आत्ता काढणं जमणार नाही. काही घरगुती इलाज?

सुवर्णनगरी (जळगाव)

आबा, आधी युनिट रीस्टार्ट करून बघा. गाडी बंदचालू करणं म्हणजे रीस्टार्ट नाही. बऱ्याच गाड्यांची स्क्रीन चावी काढली तरी झोपते फक्त, मरत नाही. पॉवरचं किंवा आवाजाचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, कंपनीचं चिन्ह येईपर्यंत सोडू नका. कोणत्या गाडीत कोणतं बटण ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत असेल, कोणी उघडलेली नसते.

पांझराकाठ (धुळे)

पह्यले पेनड्राइव्ह काढ भाऊ. मना अनुभव सांगस. बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ, ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमधे भजनं, अहिराणी गाणी, पोराच्या लग्नाचे व्हिडिओ, सगळं कोंबलेलं. एक दिवस सुरू होईना. चिन्ह येई, काळं होई, परत चिन्ह येई. दोन मिस्तरींनी "बोर्ड गेला" सांगितलं. पेनड्राइव्ह उपटला तर एका मिनिटात चालू! युनिट सुरू होताना सगळ्या फाइली वाचून यादी करतं, एखादी खराब फाइल आली की तिथंच डोकं आपटत बसतं. फॉरमॅट करून मोजकी गाणी टाकली, तेव्हापासून त्रास नाही. नकाशाचं मेमरी कार्ड असेल तर तेही काढून बघ.

केळीबाग

पेनड्राइव्ह, मोबाइलची केबल, चार्जर, सगळं काढलं. बटण दाबून रीस्टार्टही केला. चिन्ह आलं, स्क्रीन आली, टच नाही.

भुसावळ_लोको (भुसावळ)

बॅटरी मोजली का? या स्क्रीनला व्होल्टेजचे फार नखरे असतात. इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटरवर १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवं, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी भरणारा भाग, बघा. आमच्या गल्लीत एकाची गाडी लग्नसराईत तीन आठवडे मांडवामागं उभी होती. काढली तर स्क्रीन काळी, रिव्हर्स कॅमेरा बंद. निघालं काय, बॅटरी ११.८.

तोरणमाळ_घाट (नंदुरबार)

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचून ठेवा. खालची मोठी बॅटरी फुल्ल असली तरी स्क्रीन चालते ती वेगळ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. माझी तीच बसली होती. मोठीत २०० किलोमीटरची रेंज शिल्लक होती अन् दार उघडेना.

केळीबाग

पुतण्या वायरमन आहे, त्यानं मोजलं. सकाळी १२.३, सेल्फ मारताना १०.४, चालू गाडीत १४.१.

भुसावळ_लोको

१२.३ म्हणजे थोडी उपाशी आहे, पण यानं टच मरणार नाही. मी माझा मुद्दा मागे घेतो.

दहाचा_पाना (चाळीसगाव)

ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो, २२ वर्षं झाली. दोन गोष्टी.

एक, आजचा प्रश्न आधी सोडवू. समोरच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण तुमच्या गाडीत वेगळं आहे का? पंख्यासारखी काच अन् तीन वाकड्या रेघा असतात त्यावर. बऱ्याच ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत ते दाबलं की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो अन् पंखा जोरात लागतो. हवा काचेवर जाते, पण थंड जाते. टेंपरेचर शेवटी जिथं ठेवलं असेल तिथंच राहील, म्हणून सकाळी टच चालत असेल तेव्हा कमीवर नेऊन ठेवा.

दुसरं, "स्क्रीन चालत नाही" या एका वाक्यात चार वेगळे आजार बसतात. काळीठिक्कर पडणं वेगळं, चित्र गोठणं वेगळं, चित्र जिवंत अन् टच मेला हे वेगळं, अन् कोणी हात न लावता स्क्रीन आपलीआपण चालणं वेगळं. रिव्हर्स टाका. कॅमेऱ्याचं चित्र हलतं का?

केळीबाग

हलतं. मागची गाय स्पष्ट दिसली. अन् काचेच्या बटणाची युक्ती चालली! आई म्हणते त्या चाळीसगाववाल्याला भरीत खायला बोलव.

दहाचा_पाना

येतो, बामणोदची वांगी असली तर. कॅमेरा हलतो म्हणजे डिस्प्ले ठीक, प्रोसेसर ठीक. आजार टचच्या थरात नाहीतर तो थर बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या वायरच्या पट्टीत. ५२ हजार आत्ताच देऊ नका.

सुवर्णनगरी

फ्यूज काढून दहा मिनिटं थांबून परत लावा, आबा. स्टिअरिंगखाली पेटी असते, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा. ऑडिओ किंवा रेडिओ लिहिलेला. चावी बंद करूनच काढा, अन् लावताना तेवढ्याच अँपिअरचा लावा. १० लाल, १५ निळा, २० पिवळा. कमी पडला म्हणून निळ्याच्या जागी पिवळा ठोकला तर वायर जळते, फ्यूज नाही.

केळीबाग

काढला, निळा होता, तार शाबूत. दहा मिनिटांनी परत लावला. टच चालू झाला!! पंखा चारवर केला, नातवासाठी बडबडगीतं शोधून ठेवली. सुवर्णनगरी भाऊ, तुम्हाला साष्टांग. ५२ हजार वाचले.

पांझराकाठ

भारी! आते पेढा वाटा.

आखाजीची_लेक (मूळ अमळनेर, हल्ली पुणे)

अभिनंदन काका. पण एसी स्क्रीनमध्ये कोंबायची अक्कल कोणाची, हे मला आधी सांगा. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून ठरवलंय की पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हझार्ड, हॉर्न, वायपर अन् आपत्कालीन कॉल यांना हाताला लागतील अशी खरी बटणं हवीत. एसी त्या यादीत नाही. भुसावळचा मे महिना त्यांनी पाहिलेला नाही, दुसरं काय.

केळीबाग

पेढे थांबवा. आज दुपारी फैजपूरला गेलो, बाजार समितीसमोर गाडी तासभर उन्हात. परत आलो तर टच मेलेला. संध्याकाळी घरी आपोआप चालू. फ्यूजला हातही लावला नाही.

दहाचा_पाना

काल फ्यूज किती वाजता काढला होता?

केळीबाग

सात वाजले असतील. दिवेलागणीला.

दहाचा_पाना

झालं तर मग. फ्यूजनं काही केलं नाही, दिवस मावळल्यानं केलं. फ्यूज न काढता नुसते ओसरीवर बसला असता तरी टच आला असता. सुवर्णनगरी, रागावू नका, हे माझ्यासोबतही हजारदा झालंय. दुपारी आलेली गाडी आपण संध्याकाळी दुरुस्त करतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं अन् दुसऱ्या दिवशी दुपारी परत दारात. म्हणून मी वहीत बिघाडासमोर वेळ लिहितो.

तुमच्या आईनं ओला रुमाल ठेवला तेव्हा काय झालं होतं? आठवून सांगा.

केळीबाग

आता विचारलं म्हणून आठवलं. रुमाल उचलून कोरडं पुसल्यावर पाचेक मिनिटं टच चालला होता. पंखा दोनवर गेला होता. मला वाटलं योगायोग.

दहाचा_पाना

या धाग्यातला खरा मिस्तरी म्हणजे तुमची आई. पहिल्याच दिवशी निदान केलं, आपण हसण्यावारी नेलं.

सांगतो काय होतं ते. टच म्हणजे काचेच्या आत पारदर्शक तारांची जाळी, डोळ्यांना न दिसणारी. बोट जवळ आलं की त्या जागची विद्युतधारिता (वीज साठवायची क्षमता) किंचित बदलते अन् मागची चिप ते मोजते. दाबायची गरज नसते. ही काच खालच्या डिस्प्लेला पारदर्शक डिंकानं चिकटवलेली असते. गाडी बंद काचांनी उन्हात उभी राहिली की आतली हवा ६० अंशांच्या वर सहज जाते, डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून जास्त तापतो. पाच उन्हाळे असे काढले की डिंक थकतो, कोपऱ्यात सुटतो, बुडबुडा धरतो. मग चिपला वाटतं तिथं कोणीतरी बोट ठेवून बसलंय. एक बोट कायम टेकलेलं असताना तुमचं दुसरं बोट ती मोजत नाही. थंड झालं की कोपरा परत बसतो.

हा माझा अंदाज आहे. खात्री करायची असेल तर सकाळी टच चालू असताना ब्लूटूथमध्ये जाऊन गाडीचं नाव बदलायचा कीबोर्ड उघडा अन् तसाच ठेवा. गाडी उन्हात घ्या, काचा बंद, इंजिन चालू ठेवा, नाहीतर ती १२.३ ची बॅटरी बसेल. अंगणात, मोकळ्या हवेत. शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. अन् बघत बसा.

भुसावळ_लोको

आमच्याकडे मे महिन्यात हा प्रयोग पाच मिनिटांत होतो.

केळीबाग

केला. साडेअकराला गाडी अंगणात घेतली, मी लिंबाच्या सावलीत खाट टाकून बसलो. आई म्हणाली, सगळे शेतात अन् हा गाडीकडं टक लावून बसला. बारा दहापर्यंत काही नाही. मी उठून पाणी प्यायला गेलो, आलो तर नावाच्या रकान्यात एक पी. इंग्रजीतला. मग थांबला. मग पी पी पी पी, रकाना भरला तरी थांबेना. बोट कोणाचंच नाही. मला खरं सांगू, अंगावर काटा आला.

दहाचा_पाना

पी म्हणजे कीबोर्डचा वरचा उजवा कोपरा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून त्या कोपऱ्यात बघा.

केळीबाग

आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा चट्टा, तेलाच्या डागासारखा. पण वरती टफन काच पण आहे, गाडी घेतली तेव्हा अॅक्सेसरीवाल्यानं फुकट बसवली होती.

दहाचा_पाना

आधी ती काढा. तिच्या कडेला धूळ अन् ओल अडकूनही असंच होतं. कोरड्या मऊ कापडानं पुसा, काचेवर काही फवारू नका. अन् सगळ्यांना सांगतो, आईचा रुमाल तपासणीपुरता ठीक, पण तापलेल्या स्क्रीनवर बर्फ ठेवू नका. आत दव धरलं की बोर्ड जाईल.

केळीबाग

काढली. खाली कापसाच्या बारीक तंतूंची अख्खी किनार निघाली. आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेतच असतात. पण चट्टा आतलाच आहे, अन् दुपारी परत पी पी पी.

सुवर्णनगरी

मी ओशाळलो होतो म्हणून दोन दिवस गप्प होतो. आता कामाचं सांगतो. अजिंठा चौफुलीकडं स्टिरिओवाले बरेच आहेत, पण याला बोर्डाचं काम करणारा हवा, मोबाइलच्या काचा बदलणारा हात. माझ्या ओळखीचा एक आहे. तो म्हणतो नुसती टचची काच बदलते, डिस्प्ले अन् युनिट तेच राहतं. युनिटच्या मागच्या लेबलचा फोटो पाठवा. "आठ इंची" एवढ्यावर काच मागवू नका. आठ इंचात दहा प्रकार असतात, पट्टीवरचा नंबर अन् पिना जुळल्या पाहिजेत.

तोरणमाळ_घाट

मध्येच विचारतो. सगळीकडं उष्णताच का? एका मित्राची स्क्रीन डिसेंबरात गेली, सारंगखेड्याच्या यात्रेहून येताना.

आखाजीची_लेक

सगळीकडं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन किस्से सांगते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या भागात २०१४ ते २०१७ च्या माझदा गाड्यांचे युनिट ९४.९ एफएमवर अडकून बसले, स्टेशन बदलेना, स्क्रीन पुन्हापुन्हा सुरू होत राहिली. स्टेशननं गाण्यासोबत पाठवलेल्या चित्रांच्या फाइलींच्या नावाला शेपूट नव्हतं, चित्राचा प्रकार सांगणारं. युनिटला ते पचलं नाही. पांझराकाठ भाऊंच्या पेनड्राइव्हचाच मोठा भाऊ. दुसरं, टेस्लानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस अन् मॉडेल एक्स परत बोलावल्या. आतली ८ जीबीची मेमरी सतत लिहून लिहून झिजत होती. ती संपली की स्क्रीन गेली, सोबत रिव्हर्स कॅमेराही. पांझराकाठ, तुमच्या स्टिरिओची मेमरी किती?

पांझराकाठ

दुकानदारानं ६४ सांगेल होती. निघनी १६.

दहाचा_पाना

तोरणमाळ, तुमच्या मित्राचं वायरिंग बघायला सांगा. बाहेरचा स्टिरिओ असेल तर पिवळी वायर कायमच्या करंटची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. बसवणाऱ्यानं कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सांधा) न वापरता वायरी पिळून चिकटपट्टी मारली असेल तर खड्ड्यात एकदा सुटते, एकदा लागते. थंडीगरमीचा संबंध नाही.

केळीबाग, समोरचं पॅनेल काढताना मिस्तरीला बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायला सांगा, लावताना ती शेवटी. काही गाड्यांत त्याच पॅनेलमध्ये हझार्डचं बटण अन् शेजारच्या एअरबॅगचा दिवा असतो. ते कपलर सुटलेले असताना चावी फिरवली की एअरबॅगची खूण पेटून बसते, मग ती घालवायला वेगळा खर्च. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू देऊ नका, प्लास्टिकची पट्टी वापरायला सांगा.

केळीबाग

काल काम झालं. काच मुंबईहून यायला चार दिवस लागले, आखाजीला दोनच दिवस उरले होते. पोरगा पंचविशीचा असेल. गरम हवेनं कडा सैल केल्या, पातळ तार घालून जुनी काच सोडवली. माझा श्वास अडकलेला. दोन तास लागले. ४,२०० काचेसकट. जुनी काच त्यानं हातात दिली, त्या कोपऱ्यात नखानं दाबलं की डिंक च्युइंगमसारखा ताणला जात होता.

तिथून निघालो ते सरळ दुपारी दोनला बाजारात गाडी उन्हात लावली, मुद्दाम. तासानं आलो. स्टिअरिंगला हात लावता येईना एवढं तापलेलं, पण पंखा एका बोटात चारवर.

सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "सर, आम्ही सुटे भाग उघडत नाही, कंपनीचं धोरण आहे." त्यांचंही बरोबर असेल, पण नुसती काच बदलता येते एवढं तरी सांगायला हवं होतं.

भुसावळ_लोको

५२ हजारातून ४,२०० वजा करा अन् उरलेल्याचे मांडे आम्हाला.

सुवर्णनगरी

आता पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावत चला आबा, गाडी उभी केली की. दीडदोनशेला मिळतो.

केळीबाग

घेतला. एकच राहिलं. कालपासून ड्रायव्हरकडची काच एका दाबात वर जात नाही, बटण धरूनच ठेवावं लागतं. घड्याळही बारावर गेलंय. त्या पोरानं काही बिघडवलं का? उद्या पहाटे सुरतेला निघतोय.

दहाचा_पाना

काही बिघडलं नाही. बॅटरी काढली की काच आपली हद्द विसरते. इंजिन चालू ठेवून काच पूर्ण खाली न्या, मग बटण वर ओढून धरा, वर टेकल्यावरही दोनतीन सेकंद सोडू नका. बहुतेक गाड्यांत एवढ्यानं शिकते. घड्याळ तुमच्या बोटानं लावा, आता चालतंय.

केळीबाग

शिकली. घड्याळ आईनं लावलं.